गाबोळी न फाडणारा आकडा

मेसची चूल, पडाव होडीचा नांगर आणि कोपराच्या ऑपरेशनचा स्टीलचा आकडा, सगळं मी याच हातांनी केलं. गुरू कुणी नाही.

मंडळी, आज तोच आकडा आपल्या नुरुद्दीन सुताराच्या मोडलेल्या कोपरात वापरला. हाड जोडताना डॉक्टर त्याने करंगळीची नस बाजूला धरतात. कड बोचली तर बोटं लुळी पडतात. म्हणून मी प्रत्येक आकडा आधी शर्कच्या मासळीबाजारातल्या ताज्या गाबोळीच्या, म्हणजे माशाच्या अंड्यांच्या पिशवीच्या, पापुद्र्याखालून फिरवतो. पापुद्रा फाटला की पुन्हा कानस.

संध्याकाळी दवाखान्यात नुरुद्दीनने करंगळी हलवून दाखवली.

तिथेच व्यापारी उस्मानशेठ म्हणाले, “मियां, गाबोळी तळून खा! मला पन्नास आकडे दे, घासत बसू नको.”

“पहिला तुमच्या कोपरात घालू?”

तुम्ही काय केलं असतंत? मी नगाला वीस, एकूण हजार रुपये तोंडावर नाकारले.