ठोकळ्यांवरचं घर

मालवणहून आचऱ्याकडे येताना चढावर गाडीचा क्लच गेला. ही गाडी म्हणजे माझं घर: मागे बिछाना, शेगडी, पाण्याचा कॅन. ती इतक्यांदा बंद पडली होती की आता मला रागही येत नव्हता. गावातल्या मेकॅनिकनं ती ओढून आपल्या अंगणात आणली, पुढची चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर चढवली, गिअरबॉक्स उतरवला. नवी क्लचप्लेट कुडाळहून यायची होती. मी आतच राहत होते. आत पाऊल टाकलं की घर किंचित कलायचं.

मग देवाचा कौल झाला. गावपळण. तीन दिवस गावात कुणी राहायचं नाही. गुरं-कोंबड्यासुद्धा वेशीबाहेर न्यायच्या. मेकॅनिकनं पाने आवरायला घेतले.

"प्लेट इली तरी आता परत इल्यावरच बघूया," तो म्हणाला.

"पण गाडी हलणार नाही." मालवणी मला कळते, पण इंग्रजी शाळेत गेल्यापासून ती तोंडून निघत नाही.

"गाडी रवांदे. तू चल."

मी नकारार्थी मान हलवली आणि आत जाऊन पडदे ओढले. गाडीत बसून राहणं म्हणजे गावात राहणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं होतं. परक्या माणसांत जाऊन झोपायचं त्राण नव्हतं. आणि माझं जे काही होतं, ते सगळं या पत्र्याच्या आत होतं.

जिच्या विहिरीवरून मी पाणी आणायचे, ती शेजारची बाई काच वाजवत राहिली. शेवटी मी दार उघडलं. तिच्या काखेत कोंबडी होती.

"आम्ही घरां सोडून चललंव गो. तुझ्या घराक काय सोन्याचो पत्रो आसा?"

"कुणी काही नेलं तर?"

"नेवक माणूस नको? गावात आता देव एकटो. तो तुझी शेगडी नेतलो?"

मेकॅनिक मागून म्हणाला, "गाडीच नेतलो तर आधी गिअरबॉक्स बसवांदे. माझो त्रास वाचात."

बाई हसली. मला हसायचंही जिवावर आलं होतं. चादर घेतली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढलं. बाई थांबून होती. रस्त्यावर सगळीच माणसं घराकडे एकदा वळून बघत चालली होती.

वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपडीत तिनं मला आपल्या सुनेशेजारी जागा दिली. किल्ली मुठीत धरून मी आडवी झाले. खालची जमीन कलत नव्हती. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा उन्हं वर आली होती आणि किल्ली चटईवर पडली होती. बाईनं पेज पुढे सरकवली.

परतायचा कौल मिळाल्यावर सगळ्यांबरोबर मीही गावात आले. गाडी ठोकळ्यांवर तशीच होती, टपावर माडाची एक झावळ. प्लेट आली नव्हती. आत शिरले, घर कललं. दार लोटलं, पण कडी लावावीशी वाटेना. तसंच राहू दिलं.