थोरल्या भावाचा कुसगावातला कार्यक्रम

थोरला भाऊ गेल्यापासून मला त्याचा कुसगावातला पहिला कार्यक्रम सारखा आठवतो. आम्ही बौद्ध होऊन चारेक वर्षं झाली होती. भाऊ आधी तमाशात गायचा. ते सोडून त्याने स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांची गायन पार्टी काढली. मी शाळामास्तर, म्हणून गाणी वहीत उतरवायचं काम माझ्याकडे होतं. ढोलकीवाल्याने आधीच बजावलं होतं, "लोक उठून गेलं तर मी परत तमाशात जानार." त्याच्याशिवाय पार्टी चालणं शक्य नव्हतं.

दुपारी वस्तीतली माणसं सतरंजीवर जमली. ढोलकी घुमली आणि भावाने डोळे मिटून, जुन्या सवयीने, तमाशाच्या सुरुवातीला म्हणतात तो गणपतीचा गणच उचलला. एक ओळ झाल्यावर तो थबकला. मी वहीतून मान वर करून लोकांकडे पाहिलं.

"देव सोडल्याची शपथ घेतली न्हवं तू?" असं म्हणत एक म्हातारे आबा उठून चपला शोधू लागले. त्यांच्यामागे आणखी दोघं उठले.

पुढे बसलेली एक मावशी म्हणाली, "बसा की आबा! काल ठेच लागली तवा तुमी कंच्या देवाला हाका मारल्या?"

हशा पिकला. आबाही हसत खाली बसले आणि भावाने नवं गाणं सुरू केलं.

लोक शेवटपर्यंत बसले, पार्टी टिकली. मी मात्र सगळा वेळ कोण उठतंय एवढंच बघत होतो. पुढे भावाला मी पुष्कळदा ऐकलं, पण त्या दुपारी तो कसा गायला, हे मला सांगता येत नाही.