फ्रीजला दिलेला विसावा

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पिंपरीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझं पीएच.डी.चं काम चाललं होतं. श्वासातल्या प्राणवायूपासून आपल्या शरीरात काही उपद्रवी रेणू तयार होतात, फ्री रॅडिकल्स. आगंतुकानं पंगतीत बसून शेजाऱ्याच्या पानातलं ओढावं, तसे ते पेशींना ओरबाडतात आणि रोगांना वाट करून देतात. त्यांना आवर घालायला शरीरानं एन्झाइमांचा पहारा ठेवलेला असतो. माझा पहारेकरी राहायचा बोकडाच्या कलेजीत. घरात कांदा-लसूण वर्ज्य असलेली मी, कॅम्पातल्या खाटकाला "कालची नको हं!" म्हणून दटावायचे!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझे गाईड पुण्याहून शेवटची रीडिंग बघायला येणार होते आणि लगेच वर्षभरासाठी परदेशी जाणार होते. रीडिंग नाही, तर प्रबंधही वर्षभर नाही. पण मी निश्चिंत. कलेजीचा अर्क फ्रीजमध्ये तयार होता.

खंडेनवमीला सुट्टी, म्हणून यंत्रांची पूजा आदल्या संध्याकाळीच उरकलेली. सकाळी मी रीडिंग घ्यायला गेले, फ्रीज उघडला आणि नाक दाबून मागे सरले. अर्काचा थेंब हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकला. एन्झाइम जिवंत असेल तर फसफसून फेस येतो. इथं एक बुडबुडा नाही!

जवळच्याच निघोजे गावचे आमचे शिपाईमामा पूजेची फुलं गोळा करत होते.

"मामा, फ्रीज कुणी बंद केला?"

"म्या. समद्या मिशिनींना इसावा दिला, बाई. फ्रीज काय सावत्र हाय व्हय? वरीसभर गुरगुरतोय बिचारा."

मी स्टुलावर बसकण मारली. नवमीची गर्दी, कॅम्पात कलेजी केव्हाच संपलेली; दुसऱ्या दिवशी दसरा, खाटकाचं दुकान बंद. काय बिघडलं ते ऐकल्यावर मामांचा चेहरा उतरला. मग ते एकदम म्हणाले, "आज आमच्यात बोकड हाय. डबा द्या, बरफ वाटंत घेतो." आणि सायकलवर टांग टाकून गेलेसुद्धा.

दुपार कलली तेव्हा घामानं निथळत परत आले.

"घरच्यांनी दिली?"

"कलेजीचा मान आमच्या म्हाताऱ्या बाचा. त्यो तापलाच. म्हनलं, ही खाऊन तुझं एकट्याचं प्वाट भरंल. बाईस्नी पास व्हऊ दे, समद्यांच्या रोगावर तोड निघंल. तवा सोडली."

अर्क काढला, थेंब टाकला. फेस असा उसळला की नळीबाहेर येऊन यंत्रावरच्या झेंडूवर सांडला. मामांनी हात जोडले. खरं सांगते, मीही जोडले.

गाईडनी आकडे दोनदा पाहिले. "उत्तम! इतका ताजा नमुना मिळाला कुठं?"

मी खोकले. दारातून मामा म्हणाले, "देवीचा बोकड व्हता, सायेब."

गाईडनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे लिहू नकोस."

प्रबंधात मी लिहिलं: 'नमुना स्थानिक पातळीवर उपलब्ध झाला.' त्यात खोटं काहीच नव्हतं.