ओंजळभर बी, कणगीभर गहू

आमच्या शांताच्या लग्नाचे गहू समुद्रापलीकडच्या उपाशी माणसांपायी संपले. ती माणसं आम्ही कधी पाहिली नाहीत, त्यांनी आम्हाला पाहिलं नाही, आणि गव्हाचा एक दाणाही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. तरी कणगी रिकामी झाली. असलं काही घडवून आणायला माणसाला बी. ए. व्हावं लागतं!

केनवडात तेव्हा बी. ए. एकच होता. मी. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि मी गावच्याच शाळेत मास्तर झालो होतो. रिसोडला आणि पुढे कॉलेजात शिकत असताना निम्म्या गावाच्या भाकरी माझ्या फडक्यात बांधल्या गेल्या होत्या. त्या उपकारांची फेड कशी करू आणि किती करू, असं मला झालं होतं. (फेड करायला निघालेल्या तरुणापासून गावाने सावध राहावं.)

वैशाखात खादी घातलेले एक कार्यकर्ते गावात आले. दूर कुठल्याशा बेटावर वादळाने शेतं धुऊन नेली होती. तिथली माणसं सगळ्यांच्या मिळून एका जागेत भाजीपाला लावणार होती, पण लावायला बीच नव्हतं. "गावाने भाजीचं बी जमवावं, मी आठवड्याने न्यायला येतो," एवढं सांगून ते गेले. जमवायचं काम अर्थातच माझ्यावर.

मी मारुतीच्या पारावर बायांना गोळा करून भाषण ठोकलं. मानवता, विश्वबंधुत्व, काही राहू दिलं नाही. शेवटी हात जोडून म्हणालो, "घरटी चिमूटभर बी द्या!"

कोणी हलेना. मग आमच्या शेजारची गंगूकाकू उठली.

"देतो ना मास्तर. पन बदल्यात काय?"

"काकू, हे दान आहे!"

"धान्याचं दान असते बाप्पा, बीचं नसते. बी रिकाम्या हातानं देल्लं का त्याच्या वेलाले फय धरत नाई. घेनाऱ्यानं ओंजयभर दाने टाकाच लागतात."

हे मात्र खरं होतं. वेलाला फळ धरणार नाही म्हणून आमच्याकडे सख्ख्या जावेलाही कोणी फुकट बी देत नाही.

"पण घेणारे समुद्रापलीकडे आहेत!"

"मंग इकडं त्याइचा मानूस कोन? तूच ना?"

"मीच!" मी छाती पुढे काढून म्हणालो. बुडालो तो इथेच.

आई आणि बाबा लग्नाचा बस्ता फाडायला, म्हणजे कापडखरेदीला, बैलगाडीने मालेगावला गेले होते. घरी मी आणि धाकटी बहीण शांता, म्हणजे खुद्द नवरी. ज्वारी जमिनीखालच्या पेवात होती, आणि पेव बाबांशिवाय कोणी उघडायचं नाही, असा घरचा कायदा. उघडी होती ती फक्त गव्हाची कणगी. गंगूकाकूच्या भोपळ्याच्या बियांसाठी मी तीत हात घातला.

"दादा, माह्या लग्नाचे गहू हायेत ते!"

"शांते, एका ओंजळीनं काय होतं? तिकडे माणसं उपाशी आहेत."

"अन् इकडं वऱ्हाडी उपाशी राह्यले त?"

"तू फार संकुचित विचार करतेस," मी म्हणालो. (हे वाक्य मी कॉलेजात शिकलो होतो आणि ते वापरायला जागा शोधतच होतो.)

दुपारी पार्वतामावशी गवारीचं बी घेऊन आली. मी म्हटलं, "मावशी, बाबा आले की ज्वारी देतो."

"गंगीले गहू अन् मले जवारी? काहून? माह्या गवारीनं काय घोडं मारलं?"

तिलाही गहू द्यावे लागले. ज्यांच्या भाकरी खाल्ल्या त्यांच्यात भेदभाव करू कसा? संध्याकाळपर्यंत दारात रांग लागली. माझा ऊर भरून आला. माझं एक भाषण आणि केवढी ही जागृती! चवळी आली, दोडका आला, वाळूक आलं. एका घरची सासू चिमूटभर भेंडीचं बी देऊन गहू घेऊन गेली. मग त्याच भेंडीचं बी घेऊन सून आली. मग नणंद! दुसऱ्या दिवशी तर बाहेरच्या वस्त्यांवरूनही मानवतेचा ओघ सुरू झाला. एकीने काहीतरी काळं, काटेरी आणलं.

"हे कशाचं बी आहे?"

"मास्तर, तुमी इतके शिकेल. तुमालेच मालूम असन!"

मी ते सन्मानाने ठेवून घेतलं. शेवटी शांता कणगीचं तोंड झाकून तिच्यावर पालथी पडली. मी तिला विश्वबंधुत्वाच्या नावाने बाजूला केलं.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. बस्त्याची गाठोडी उतरवून आई गहू बघायला आत गेली. कणगीत तिने आधी हात घातला, मग कोपर, मग खांदा, मग डोकं. आतून घुमल्यासारखा आवाज आला, "गहू कुठी गेले रे?"

"आई, वादळ झालं."

"घरात?"

मी सगळं सांगितलं. बाबा गाडीच्या जुवावर बसले. "मॅट्रिकलेच थांबला असता, त वऱ्हाड जेवलं असतं," एवढंच म्हणाले.

लग्न तोंडावर. नवे गहू विकत घ्यायचे, तर शांताचा शालू परत करावा लागणार होता. शांता कोपऱ्यात मुसमुसत होती.

आईने बियांच्या पुरचुंड्या सोडल्या, प्रत्येकीतलं चांगलं टपोरं बी चिमूटभर वेगळं काढलं, उरलेलं पदरात बांधलं, काखेत सूप मारलं आणि निघाली. मी मागोमाग. पहिलं घर गंगूकाकूचं.

"गंगे, आता पानी येईन. परसात काय लावशीन वं?"

काकूचा चेहरा पडला. गव्हाच्या मोहात तिने मडकं उपडं करून बी दिलं होतं! सगळ्या गावानेच दिलं होतं.

"बी नाई ना वं घरात. दे ना थोडंसं."

"देतो ना! पन रिकाम्या हातानं बी कसं देऊ? तुह्याच वेलाचं नुकसान व्हईन. टाक ओंजयभर गहू."

आईने ओंजळ पुढे केली. ओंजळीखाली सूप होतं. ते भरेपर्यंत ओंजळ काही भरली नाही.

घरोघरी हेच झालं. दिवेलागणीपर्यंत कणगी काठोकाठ भरली, वर दोन पायल्या गहू उरले. काळं, काटेरी बी मात्र कोणी परत घेईना.

ठरल्याप्रमाणे कार्यकर्ते आले. मी त्यांच्या हातात छोटी पिशवी ठेवली आणि भाषणासाठी तोंड उघडलं. आईने मला बाजूला सारलं.

"साहेब, निवडक बी हाये. पोचट नाई, किडकं नाई. पन तुमी काय देता?"

साहेब गांगरले. त्यांनी झोळी चाचपली आणि मूठभर फुटाणे आईच्या हातावर ठेवले. आईने ते कपाळाला लावले. "आता फय धरन तिकडं."

त्या बेटावर भोपळे धरले की नाही, मला कळलं नाही. धरले असतील तर फुटाण्यांमुळे. माझ्या भाषणामुळे नक्कीच नाही.

शांताचं लग्न थाटात झालं. पंगतीत मी पुऱ्या वाढत होतो. गंगूकाकूने मला थांबवलं.

"मास्तर, तुह्यं पारावरचं भाषण मी आजून इसरली नाई."

मी हातातली परात खाली ठेवली. "खरंच, काकू? त्यातलं काय आवडलं?"

काकूने परातीतली आणखी एक पुरी उचलली.

"त्यातले गहू!"