सात कप्तान आणि एक सून

जगातला सर्वांत मोठा सिनेसमीक्षक समुद्रापारच्या आमच्या बेटावर, पेती राफ्रे गावात वांगी पिकवत असे आणि तो माझा सख्खा मामा होता, हे मी कुणाशीही भांडून सिद्ध करायला तयार आहे. सत्तरच्या दशकात आमच्या गावात मराठी सिनेमा कुणी पाहिला नव्हता. हिंदी यायचे, फ्रेंच यायचे. पण आमच्या आज्या-पणज्यांच्या भाषेत पडद्यावरची माणसं बोलतात, ही बातमी आम्हाला मामांनी दिली. दर शनिवारी गावातल्या मराठी मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत ते मराठीचा वर्ग घेत. शेतातून यायचं, नळाखाली पाय धुवायचे, लग्नातला काळा कोट चढवायचा, फळ्यावर दोन शब्द लिहायचे आणि तिसऱ्या शब्दाच्या आत सिनेमात शिरायचं, असा तो वर्ग असे.

'बोक्याची साक्ष' पाहिल्याशिवाय माणसाला मराठी येणं शक्य नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यात म्हणे एका खुनाचा साक्षीदार बोका आहे. त्याला पिंजऱ्यात उभं करतात आणि तो काही बोलत नाही. अडीच तास बोलत नाही. वकील म्हातारे होतात, दोन्ही पक्षांच्या वकिलांच्या मुलांची आपसात लग्नं लागतात, बोका गप्पच. "बोका बोलत नाही, म्हणून खोटं बोलत नाही. दिग्दर्शकाचं हे तत्त्वज्ञान आहे. लिहून घ्या!" आम्ही मुकाट्यानं लिहून घ्यायचो. 'ओला कंदील' नावाच्या सिनेमात कंदील लावला की काळोख व्हायचा. काळोखाकडून इतका संयत अभिनय आजवर कुणी करून घेतला नव्हता, असं मामा डोळे मिटून सांगत. मी एकदा विचारलं, "मामा, काळोखात तुम्हाला दिसलं कसं?" माझ्याकडे कीवेनं बघत ते म्हणाले, "तुला दिसलं नसतं."

हे सिनेमे त्यांना म्हणे पोर लुईच्या बंदरात एका खलाशानं चादरीवर दाखवले होते. शेवटचं रीळ मात्र दर वेळी खाऱ्या हवेनं खाल्लेलं असायचं. त्यामुळे मामांच्या एकाही सिनेमाला शेवट नव्हता. आम्ही चिडलो की म्हणायचे, "शेवट लागतो तो अडाण्यांना."

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'सात कप्तान आणि एक सून'. नवी नवरी जहाजातून माहेरी निघालीय. जहाजावर तिचे सात दीर, आणि सातही कप्तान. दर सकाळी नवा दीर चाक हातात घेतो आणि जहाज नव्या दिशेला वळवतो. सून खाली पाट्यावर मसाला वाटतेय. पाणी घोट्यापर्यंत येतं, गुडघ्यापर्यंत येतं, ती पाटा उचलून वरच्या पायरीवर ठेवते आणि वाटत राहते. हा सिनेमा मामा सांगू लागले की मामी खिडकीबाहेर येऊन उभी राहायची. बाकीचे सिनेमे तिला थोतांड वाटत, हा नाही.

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामी माएबूर्गची, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाची. लग्नानंतर पहिल्या शिमग्याला न्यायला येतो, असं तिचा बाप सांगून गेला होता. शिमग्याच्या आधी साठ सालचं मोठं वादळ आलं, त्यात त्याच्या दुकानाचं छप्पर कोसळलं आणि तो खाली सापडला. रस्ते बंद, तारा तुटलेल्या. मामीला पाचव्या दिवशी कळलं. ती पोचली तेव्हा अस्थीसुद्धा समुद्रात गेल्या होत्या.

ऐंशी साल उलटलं आणि मामीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. घरी आणल्यावर ती मला म्हणाली, "तो सात कप्तानवाला एकदा बघायचाय रे. पोचते काय ती, तेवढंच बघीन." मी तेव्हा मंडळाचा चिटणीस. मी शहाण्यानं त्याच दिवशी मुंबईच्या एका सिनेवितरकाला पत्र घातलं. आमच्या अख्ख्या मंडळात एकालाही शंका आली नाही! मामांना विचारलं तर त्यांनी दिग्दर्शकाचं नावही सांगितलं, तेही न अडखळता. दीड महिन्यानं उत्तर आलं. या नावाचा चित्रपट मराठीत कधी निघालेला नाही, या नावाचा दिग्दर्शकही कुणाला माहीत नाही.

मी पत्र घेऊन तणतणत शेतात गेलो. मामांनी ते वाचलं, घडी करून परत दिलं आणि बांधावर बसकण मारली. "रोज विचारते रे, पोचली काय म्हणून. मला शेवट सुचत नाही. वीस वर्षं झाली, सुचत नाही." मला त्यांचा राग आला होता, तो कुठं गेला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी काळा कोट चढवला आणि मामीच्या खाटेजवळ खुर्ची ओढली. शेवटचं रीळ सापडलं म्हणाले. सून वर येते, सातही कप्तानांना जहाजाच्या तळात कोंडते, पदर खोचून चाक स्वतः धरते. जहाज सरळ माएबूर्गच्या धक्क्याला लागतं. धक्क्यावर तिचा बाप उभा आहे, हातात छत्री.

मामीनं डोळे उघडले. "आयो! छत्री कुठली? माझ्या बापानं जन्मात छत्री धरली नाही."

मामा गडबडले. अधिकारवाणी पार गेली. "टोपी. गवताची टोपी होती. ऊन डोळ्यांवर होतं गं, मला नीट दिसलं नाही."

"अलोर, मग बरोबर," मामी म्हणाली. "उशीर झाला म्हणाला असंल."

"तेच म्हणाला."

चौथ्या दिवशी ती गेली. त्यानंतर शनिवारच्या वर्गात मामा पुस्तकातले धडे शिकवू लागले, पानामागून पान, आणि पोरं कंटाळून बेटावरच्या क्रिओल बोलीत कुजबुजू लागली. पुढे गावात व्हिडिओ आला, खरे मराठी सिनेमे कॅसेटवर बघायला मिळाले. मी बरेच पाहिले. सगळ्यांना शेवट होते, पण मला त्यांतला एकही आता धड आठवत नाही.

मामीच्या तेराव्यानंतर एकदा मी मामांबरोबर वांगी तोडत होतो. टोपली अर्धी भरली. तेव्हा ते एकदम म्हणाले, "शेवट जरा गोड झाला का रे? बाप धक्क्यावर नको होता. असा शेवट दुसऱ्या कुणाच्या सिनेमात असता तर मी फाडून खाल्ला असता."

"मग बदला की मामा," मी म्हटलं.

हातातलं वांगं त्यांनी हळूच टोपलीत ठेवलं. "आता कसा बदलू? ती बघून गेली ना."