नुंगंबाक्कमचं घर आणि कमिटीची भेट

जुनी घरं मोजून त्यांची नोंद करायचं काम करणाऱ्यांकडे किस्से साठतातच. फक्त त्यातली बरीच घरं आता उभी नाहीत.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. चेन्नईत, नुंगंबाक्कममधलं एकोणिसाव्या शतकातलं घर. मालक राव, तंजावरकडचे मराठी, ऐंशीचे. घरात वाटा असलेल्या मुलांना ते बिल्डरला द्यायचं होतं, रावांना तिथंच डोळे मिटायचे होते. जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कमिटीला घर मूळ रूपात दिसलं, तरच पाडकाम थांबणार होतं.

*

पहिल्या दिवशी राव हौसेनं फिरवत होते. व्हरांडा ग्रिलनं बंद, हॉलला फॉल्स सीलिंग, सागवानी जिन्याच्या जागी मोझेकचा!

"सगळं आम्हीच केलं!"

माझी सहकारी सेल्वी पुटपुटली, "यांना कुणीतरी गप्प करा!"

*

सेल्वी भिंती ठोकून बघायची. भरीव आवाज म्हणजे जुनी वीट, पोकळ म्हणजे नंतरचं काम. एका ठिकाणी तिनं चांगलं चारदा ठोकलं.

आतून राव ओरडले, "अय्यो, येतो की! दोन मिनिटं!"

नकाशात लिहिलं: बाथरूम, नंतरचं.

*

हॉलची भिंत खरवडली. वरचा रंग निळा. "हिच्या आजारपणात दिला. पांढरा तिला सोसत नव्हता." खाली पिवळा, लेकीच्या लग्नातला. त्याखाली हिरवा, थोरल्याच्या मुंजीतला. आणि तळाशी जुना चुन्याचा गिलावा, आरशासारखा गुळगुळीत! सेल्वीनं टाळ्याच पिटल्या.

राव निळे पापुद्रे वेचत बसले. मला फार वाईट वाटलं.

*

आमचे सर रिपोर्टात खोटं लिहीत नसत. म्हणाले, "मूळचा म्हणून हा गिलावाच दाखवता येईल. घर वाचलं तर त्याच्यावर वाचेल."

निघताना मी रावांना म्हटलं, "पंधरा दिवसांनी कमिटी येतेय. घर तेवढं नीट दाखवा हं!"

माझी जीभ झडली असती तर बरं!

*

त्या दिवशी गेलो, तर दारात कोलमची मोठी रांगोळी आणि आत ताज्या पेंटचा वास. रावांनी हॉलचा गिलावा पार उतरवून सिमेंट मारलं होतं, वर गुलाबी ऑइलपेंट!

"पाहुणे यायचे, तर खरवडलेल्या भिंती दाखवायच्या?"

सेल्वी पायरीवरच बसली.

कमिटीच्या बाईंनी हॉलभर नजर फिरवली, फाइल मिटली आणि म्हणाल्या, "हे तर नवीनच दिसतंय."

रावांचा चेहरा असा उजळला! माझा हात घट्ट धरून म्हणाले, "ऐकलंत? नवीन दिसतंय म्हणाल्या! आता कोण पाडतंय बघू!"