उरलेलं बेलपान

पंचवीस वर्षं मी सोलापुरातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवतो आहे, आणि त्यातली बरीच वर्षं मुलांना छातीठोकपणे चुकीचं सांगत आलो. मेंदूची वाढ लहानपणी होते, पुढं नुसती झीज, असं म्हणून मी फळ्यावर उतरत जाणारी रेघ काढायचो. फाल्गुनात आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा हलका झटका आला, तेव्हा त्या रेघेची मला पहिल्यांदा धास्ती वाटली.

आमच्याकडे महादेवाच्या एका लहानशा देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आहे. भावकीच्या चार घरांत ती पाळीनं फिरते आणि आमची पाळी श्रावणात येते. बेलाची एकशे आठ पानं मोजून परडीत घ्यायची, देवाचं एकेक नाव म्हणत एकेक पान वाहायचं. पोथी बघायची नाही. शेवटी परडी रिकामी झाली पाहिजे. पान उरलं, म्हणजे नाव विसरलं. आणि ज्या घरात सगळी नावं येणारं कुणी उरत नाही, त्याची पाळी पुढच्या घराला जाते. आमच्या घरात नावं येणारे एकटे आप्पाच. मला लहानपणी त्यांनी शिकवून पाहिलं आणि हा दगड आहे म्हणून सोडून दिलं. मलाही ते पटलं होतं.

दवाखान्यातून आल्यावर आप्पांनी घरीच बसून नावं म्हणून पाहिली. परडीत एकतीस पानं उरली. ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

मी मास्तरच, दुसरं काय सुचणार? मोठ्या अक्षरांत नावं लिहिली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि रोज दहा नावांची परीक्षा सुरू केली. बायको सकाळी भिजवलेले बदाम द्यायची. आठ दिवसांत आप्पांनी कागद भिरकावला. "मी काय तुझ्या शाळंतलं पोरगं हाय व्हय?"

ही तक्रार घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या माढ्याकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मलाच समोर बसवून शिकवलं. मेंदूत पेशींना पोसणारी काही प्रथिनं तयार होतात, त्यांना वाढीचे घटक म्हणतात. त्यांच्यामुळं म्हाताऱ्या मेंदूतही पेशींचे नवे जोड जुळतात, जुने घट्ट होतात, आणि त्यावरच शिकणं नि आठवणं चालतं. माणूस रोज अंग हलवून चालला की ती वाढतात असं दिसून आलंय. आणि मी मात्र आप्पांना खुर्चीत बांधून ठेवलं होतं.

"सर, ते खत हाय," त्या म्हणाल्या. "पण नुसतं खत टाकून पीक येत न्हाय, पेरावं बी लागतंय की. किती उगवंल ते मी आत्ता सांगू शकत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला आम्ही बापलेक निघू लागलो. आप्पांच्या हातात काठी, माझ्या हातात नावांचा कागद. गल्लीतले यंत्रमाग सुरू झालेले असायचे, त्या खटखटीत ते पाऊल टाकायचे. देवळापर्यंत जायचं आणि प्रदक्षिणा घालत नावं म्हणायची. सुरुवातीला एका फेरीत दम लागायचा आणि नावं मधेच गळायची. मी कागद बघून गाळलेलं नाव सांगितलं, की ते माझ्यावरच खेकसायचे. चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यातही त्यांनी एक दिवस चुकवला नाही. वैशाख संपता संपता फेऱ्या पाचवर गेल्या आणि गळणारी नावं नवावर आली. कागद पार घामानं भिजून फाटला, तेव्हापासून तो मी घरीच ठेवायला लागलो.

श्रावणातला आमचा पहिला सोमवार आला. पुढच्या पाळीचा चुलतभाऊ दाराशी हात जोडून बसला होता. भला माणूस, पण नजर परडीवर. मी पाणी द्यायला आप्पांच्या मागं बसलो. ते सावकाश, स्पष्ट म्हणत गेले. शेवटचं नाव झालं. परडीत एक पान उरलं.

आप्पा त्या पानाकडं बघत राहिले. ओठ हलले, पण नाव येईना. काठी घेऊन उठले, गाभाऱ्याला एक फेरी घालून आले, तरी येईना. चुलतभावानं नजर खाली घातली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की शूलपाणीच्या आधीचं एक नाव त्यांच्याकडून गळलं होतं. कागद घरी होता, तरी मला ते कळलं होतं.

"नीललोहित," मी म्हणालो.

आप्पांनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं आणि पान माझ्यापुढं धरलं. "म्हणणाऱ्यानंच वाहायचं असतंय."

मी पान वाहिलं. बावन्नाव्या वर्षी, त्या चुलतभावादेखत, मला रडू आलं. तो उठता उठता म्हणाला, "पाळी तुमच्याच घरात की."

शाळेत त्या आठवड्यात मी फळ्यावरची ती रेघ नव्यानं काढली, शेवटाकडं पुन्हा वर चढणारी. आप्पांना ते सांगितलं, तर त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "उद्या पहिल्यापासून तू म्हण," एवढंच म्हणाले. दुसऱ्या पहाटे नावं म्हणत मी पुढं चाललो होतो, आणि काठी टेकत मागून येणारे आप्पा माझ्या चुका काढत होते.